ढील देता येणारा पतंग

कसरती शिकायला पहिला स्टंट काइट कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, दोऱ्या ताणून उडवणार की सैल सोडून? समोरचा गोंधळतो. दोन दोऱ्यांचा पतंग म्हणजे ताण, हेच सगळ्यांना ठाऊक. उजवी ओढली की उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे. पण या पतंगाच्या घराण्यात दोन शाखा आहेत, आणि दुकानात त्या एकाच खुंटीवर टांगलेल्या असतात.

आपला संक्रांतीचा पतंग एका दोरीचा. तरी त्याला वळवता येतं, कारण तो मुळात अस्थिर आहे. ढील दिली की कमान सपाट होते आणि पतंग गरगरतो; नाक हव्या त्या दिशेला आलं की खेचायचं, कमान वाकते आणि तो सरळ सुटतो. येवल्यात आसारी, म्हणजे फिरकी, धरणाऱ्या पोराला हे शिकवावं लागत नाही. युरोपात पतंगाची परंपरा वेगळी. तिथला पतंग शेपटी लावून आकाशात एका जागी स्थिर ठेवायचा. त्याला हुकमात आणायचं तर दोऱ्या वाढवणं हाच मार्ग दिसला.

ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरानं तसं केलं. १८२६ मध्ये त्यानं पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. नाव ‘शार्व्होलंट’. पतंगाला चार दोऱ्या, म्हणजे त्याचा कल बदलता येई आणि गाडी वाऱ्याला तिरकी हाकता येई. रस्त्याचा टोल तेव्हा घोड्यांच्या संख्येवर ठरे. या गाडीला घोडाच नाही, मग टोल कसला, अशी गोष्ट सांगतात. गाडी काही चालली नाही. घोडा वारा पडल्यावरही चालतो.

पुढचा मोठा टप्पा थेट दुसऱ्या महायुद्धातला. पॉल गार्बर हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत विमानांचा संग्रह सांभाळत. लिंडबर्गचं अटलांटिक ओलांडणारं विमान तिथे यावं म्हणून तारा-पत्रांची खटपट त्यांचीच. युद्धात ते नौदलात गेले. जहाजावरच्या तोफचींना सरावाला हलतं लक्ष्य नव्हतं. गार्बरना लहानपणापासून पतंगांचं वेड. त्यांनी साधारण पाच फुटी पतंग घेतला, खाली जहाजासारखं सुकाणू बसवलं आणि सुकाणूच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या बांधल्या. निळ्या कापडावर शत्रूच्या विमानाची काळी आकृती रंगवली. हा पतंग गोते मारी, वळे, आठचा आकडा काढी आणि गोळ्या खाई. विनोद असा, की आज समुद्रकिनाऱ्यावर पोरं जे करतात ते पहिल्यांदा नेटानं घडलं ते पतंग पाडता यावा म्हणून.

फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची पत्नी गर्ट्रूड यांचं काम याच दशकातलं. व्हर्जिनियातल्या घरी, १९४८ मध्ये, पडद्याचं कापड शिवून त्यांनी असा पंख बनवला ज्याला सांगाडाच नव्हता. वाऱ्यानं फुगून तो आपला आकार घेई. पुढे नासानं त्याचा अवकाशयान उतरवण्यासाठी विचार केला, हँग ग्लायडर त्यातून निघाले. पतंगवाल्यांनी उचलला तो त्रिकोणी, फुगणारा पंख.

पण बाजारात आधी जिंकला चौकोनी पतंग. इंग्लंडात चेल्टनहॅमच्या पीटर पॉवेल यांनी १९७२ च्या सुमारास सुकाणू काढून टाकलं. दोऱ्या थेट पतंगाच्या दोन बाजूंना बांधल्या, एक ओढली की सगळा पतंगच कलतो. मागे प्लास्टिकची लांब नळीसारखी शेपटी, वाऱ्यानं फुगलेली, पतंग गेला ती वाट आकाशात रेखत जाणारी. १९७६ मध्ये ब्रिटनच्या खेळणी विक्रेत्यांनी त्याला वर्षाचं खेळणं ठरवलं. माझ्या मते सोपेपणात पॉवेलला आजही तोड नाही. पाच मिनिटांत हात बसतो. पण कसरती शिकायला तो कुचकामी, कारण दोऱ्या सैल पडल्या की त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्रिकोणी डेल्टा पुढे आला. सॅन दिएगोच्या डॉन टेबर यांचा ‘हवाईयन’ हा त्यातला नावाजलेला. मग संगीतावर संघानं उडवणं आणि स्पर्धा आल्या. सगळं ताणलेल्या दोऱ्यांवर. दोरी सैल पडणं ही चूक, तिचे गुण जात.

नव्वदीच्या सुरुवातीला काही उडवय्यांनी त्या चुकीतच रस घेतला. पतंग हवेत थबकवायचा, एका दोरीला बारीक झटका द्यायचा आणि लगेच दोन्ही सोडायच्या. पतंग पोटावर आडवा होऊन भिंगरीसारखा एक फेरा घेतो. याला ‘अ‍ॅक्सल’ म्हणतात. नाव बर्फावरच्या स्केटिंगमधल्या उडीवरून. पाठीवर पडलेला, नाक पलीकडे, तो ‘टर्टल’. पाठीवरच, पण नाक आपल्याकडे, तो ‘फेड’. या साऱ्या खेळात पतंगाला दोरी धरून ठेवत नाही, त्याचं वजन आणि तोल धरून ठेवतात.

म्हणून पतंगच बदलावा लागला. तिरंदाजीच्या बाणांसाठी बनलेल्या कार्बनच्या नळ्या सांगाड्यात आल्या. इकारेक्ससारखं न ताणणारं हलकं कापड आलं. शेपटाकडे उलट मुद्दाम वजन घातलं, पाठीवर पडलेला पतंग तिथे टिकावा म्हणून. आणि दोऱ्या स्पेक्ट्रा-डायनीमाच्या, इतक्या गुळगुळीत की दहा पीळ पडले तरी हुकूम पोचतो. काच लावलेल्या मांजाचं इथे काम नाही. तो पहिल्या पिळातच स्वतःला कापेल.

आता पहिल्या खरेदीकडे. खेळण्यांच्या दुकानातला चार फुटी डेल्टा स्वस्त आणि चपळ दिसतो, पण तो पॉवेलच्या, म्हणजे ताणाच्या शाखेतला. भिरभिर वेगानं जाईल, थबकणार नाही. उलट टोकाला स्पर्धेतला नखरेल पतंग, पातळ कार्बनचा. नाकावर दोनदा आपटला की काडी गेली. शिकणाऱ्याला सात फुटांच्या आसपास पंखांचा, मंद गतीचा हवा. सिअ‍ॅटलच्या प्रिझम कंपनीचा क्वांटम या मापाचा आहे: आपटणं सोसतो, अ‍ॅक्सल करतो. खोल कसरतींत तो आळशी आहे, पण तिथवर पोचायला आपल्यालाच वेळ लागतो. त्याच कंपनीचा फायबरग्लासचा छोटा जॅझ पोरांना बरा, ढिलीसाठी नव्हे. दोऱ्या वीस-पंचवीस मीटर, दोन्ही सारख्या लांबीच्या. अर्धं बोट लहानमोठी असली तरी पतंग एकाच बाजूला वळत राहतो आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. गच्चीवर नेऊ नका. इमारतींमागचा फाटका वारा त्याला झेपत नाही, मोकळं मैदान किंवा किनारा हवा.

ढिलीत तरबेज असलेला संक्रांतीचा गडी इथे मजेशीर फसतो. त्याच्या हाताला फिरकीची सवय, आणि इथे फिरकी नाही. दोरी आहे तेवढीच. ढील द्यायची तर झटक्यानंतर दोन्ही हात पुढे झोकून स्वतःच पतंगाकडे दोन पावलं पळायचं. वर पतंग आडवा होत असतो आणि पाय मात्र, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, मागे सरकत असतात.