परवलीच्या याद्यांतील हॅशशुद्धी

सुरक्षातज्ज्ञ आपल्या संस्थेतील खाती किती पक्की आहेत हे पारखण्यासाठी परवलीच्या शब्दांची जी यादी बाळगतात, तीत चुकून शिरलेल्या हॅशमाला हुडकून वेगळ्या काढण्याची क्रिया. हॅश म्हणजे मूळ शब्दावरून गणिताने काढलेली, परंतु उलट फिरवून मूळ शब्द हाती न देणारी ठरावीक लांबीची खूण. ‘१२३४५६’ या परवलीचा एमडी५ या पद्धतीने काढलेला हॅश ‘ई१०एडीसी३९४९’ असा सुरू होतो आणि ३२ चिन्हांवर संपतो.

डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीच्या दप्तरातून सुमारे ३ कोटी २६ लाख परवली बाहेर पडल्या, त्या उघड्या अक्षरांतच जतन केलेल्या असल्यामुळे त्यांतून सिद्ध झालेली सुमारे १ कोटी ४३ लाख निरनिराळ्या शब्दांची यादी बव्हंशी स्वच्छ राहिली. उलट २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख एसएचए-१ हॅश फुटले, तशा प्रकरणांतील, शब्दांचे अंदाज ताडून उकललेल्या व न उकललेल्या ओळी एकाच बाडात बांधल्या की यादी गढूळ होते. अशा न उकललेल्या प्रत्येक ओळीवरही, नवे अंदाज रचण्यासाठी, रूपांतराचे हजारो नियम चालवले जात असल्याने यंत्राचे श्रम निष्कारण खर्ची पडतात.

चाळणी आकारावर चालते: एमडी५ची चिन्हे ३२, एसएचए-१ची ४०, एसएचए-२५६ची ६४, ती सर्व शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांतलीच, बीक्रिप्टची ओळ ६० चिन्हांची व डॉलरच्या खुणेने आरंभणारी. मात्र लांबीची अट सोडून नुसती अक्षरे पाहणे ही घोडचूक होय. वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या कोणी गावाचे नाव परवली म्हणून रोमन लिपीत लिहिले, तर त्यातील एस, जी, ओ, एन या अक्षरांमुळे ते चाळणीत अडकत नाही. पण त्याच घरातले ‘दादा’, ‘बाबा’, ‘आबा’ हे शब्द केवळ ए, बी, डी एवढ्यांतच मावतात, आणि माणसे परवली म्हणून योजतात ती नेमकी अशीच जिव्हाळ्याची नावे असल्यामुळे ती गमावलेली यादी आपल्या मुलखाच्या कामाची राहत नाही.

वेगळ्या काढलेल्या ओळी नष्ट करू नयेत, निराळ्या बाडात ठेवाव्यात. काही जुन्या प्रणाली एमडी५ हॅशचाच पुन्हा हॅश करून साठवीत. त्यांचा बाह्य थर उकलला असता हाती येणारी ३२ चिन्हांची ओळ हा केर नसून आतल्या थराचा अस्सल दाखला असतो, आणि मूळ परवली त्याच्या पोटातून अजून काढावयाची असते.