छत्तीस अधिकारी आणि नऊ अंक

भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलगाडींत, उभें राहावयासही जागा पुरत नाहीं अशा वेळीं, सुडोकू सोडविणाऱ्या प्रवाशास सारे अंक मनांतच मांडावे लागतात. घरीं निवांत बसणारा मनुष्य मात्र प्रत्येक कोऱ्या घरांत संभाव्य अंकांच्या बारीक खुणा पेन्सिलीनें करून ठेवतो. यांपैकीं खरा बुद्धिमान कोणता? या वादाचा निवाडा करावयाचा तर कोड्याचें कूळ पाहिलें पाहिजे. आणि त्या कुळाच्या इतिहासांत एका महाराष्ट्रीय गणितज्ञाचें नांव मोठ्या मानानें येतें.

सुडोकू हें नांव जपानी असलें तरी कोडें प्रथम छापलें गेलें तें अमेरिकेंत, १९७९ सालीं. जपानांत तें १९८४ सालीं पोंचलें. परंतु त्याचा मूळपुरुष म्हणजे लॅटिन चौरस. प्रत्येक आडव्या व उभ्या ओळींत प्रत्येक चिन्ह एकदांच यावें, एवढाच त्याचा नियम. सुडोकूनें त्यांत नऊ लहान चौकटींची अट घातली, इतकेंच.

थोर गणिती ऑयलर यानें १७८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत एक प्रश्न मांडला. सहा पलटणी, प्रत्येकींत सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे अधिकारी. हे छत्तीस जण सहा ओळींच्या चौरसांत असे उभे करावयाचे कीं, कोणत्याही आडव्या वा उभ्या ओळींत पलटण किंवा हुद्दा यांची पुनरुक्ति होऊं नये. ऑयलरला हें जमेना. त्यानें तर्क केला कीं हें अशक्यच आहे, आणि ६, १०, १४, १८ अशा सर्वच संख्यांना तें अशक्य असावें.

सहाच्या बाबतींत तर्क खरा ठरला. फ्रेंच गृहस्थ तारी यांनीं १९०० च्या सुमारास सहाच्या चौरसांचे ९,४०८ मूळ प्रकार हातानें तपासून तें सिद्ध केलें. ही पेन्सिलीच्या खुणांची पराकाष्ठाच होय! पण दहाचें काय? तेथें प्रकारांची संख्या मनुष्याच्या आटोक्यांत राहात नाहीं. अमेरिकेंतील एका गणकयंत्रानें शंभर तासांहून अधिक काळ शोध घेतला. त्यासही कांहीं सांपडलें नाहीं.

येथें शरच्चंद्र शंकर श्रीखंडे पुढें येतात. १९१७ सालीं सागर येथें जन्मलेले आणि नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयांत शिकलेले हे गणितज्ञ आपले गुरु राजचंद्र बोस यांच्यासह अमेरिकेंत काम करीत होते. त्यांनीं घरामागून घर तपासण्याचा मार्ग सोडला. लहान निर्दोष रचना एकमेकींत गुंफून मोठी रचना उभारतां येते, या तत्त्वावर १९५९ सालीं त्यांनीं बावीसचा चौरस बांधून दाखविला. लागलीच पार्कर यांनीं दहाचा बांधला. आणि तिघांनीं मिळून सिद्ध केलें कीं २ व ६ वगळतां ऑयलरचा निषेध कोठेंच लागू पडत नाहीं. १७७ वर्षांचा तर्क कोसळला. श्रीखंडे पुढें मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० सालीं ते निवर्तले.

आतां मूळ वादाकडे वळूं. एका ओळींतील दोन घरांत ३ व ७ यांवांचून अन्य अंक संभवत नसेल, तर त्या ओळींतील इतर घरांतून ३ व ७ बाद होतात. असा धागा कठीण कोड्यांत बहुधा खुणांवांचून दिसत नाहीं. तेव्हां खुणा करणें हें मंदबुद्धीचें लक्षण नव्हे. तारीची नोंदवही हाच त्याचा पुरावा. उलटपक्षीं, केवळ खुणांची गर्दी केल्यानें रचना उमगत नाहीं, हें त्या गणकयंत्राच्या शंभर तासांनीं दाखविलें. पेन्सिल स्मृतीचा भार हलका करते. पाहावयाचें काय, हें मात्र बुद्धीनेंच ठरवावें लागतें. आणि सर्वांत मोठा धडा ऑयलरच्या तर्काचा: आपणांस उत्तर सांपडलें नाहीं, एवढ्यावरून उत्तरच नाहीं असें ठरत नाहीं.