झाडातली शिडी

ऑक्टोबर जवळ आला की आमच्या टीममधला मिशिगनचा एक सहकारी हटकून सुट्टी टाकतो. 1 ऑक्टोबरपासून तिथं धनुष्यबाणानं हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. एकदा कामाचं बोलून झाल्यावर मी त्याला सहज विचारलं, की झाडावर चढतोस कसा? त्यानं कॅमेऱ्यासमोर एक सहा इंची बोल्ट धरला. आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतो तसाच. झाडाला गिरमिटानं भोकं पाडायची, भोकांत बोल्ट सरकवायचे, त्यांवर पाय देत वर जायचं. उतरताना एकेक बोल्ट काढून खिशात.

मला शिकारीत रस नाही. पण तो बोल्ट काही डोक्यातून जाईना. बोल्ट खिशात गेला, भोकाचं काय झालं?

आधी थोडं या प्रकाराविषयी. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार बरेचदा झाडावरून होते. हरीण वर फारसं बघत नाही. नेहमीची पद्धत म्हणजे खोडाला टांगलेली लोखंडी बैठक, एका माणसापुरतं मचाण म्हणा. सॅडलमध्ये ही बैठकही नसते. कमरेभोवती आणि मांड्यांखालून झोळीसारखा रुंद पट्टा, त्याला जोडलेला दोर डोक्याच्या वर खोडाला बांधलेला. पायाखाली चिमुकली फळी किंवा कडं, आणि माणूस खोडाकडं तोंड करून, मागं रेलून तासन्‌तास टांगलेला. झाडं छाटणारे लोक असेच पट्टे वापरतात. मिशिगनचे जॉन एबरहार्ट यांच्यासारखे मोजके शिकारी ऐंशीच्या दशकापासून सॅडलचे भक्त होते. सगळीकडं लाट आली ती गेल्या दशकाच्या अखेरीला.

पाठीवरचं ओझं कमी करणं हा या मंडळींचा छंदच. बैठक गेली, मग चढायच्या शिड्या जड वाटू लागल्या. सहा इंच लांब आणि तीन अष्टमांश इंच जाडीचा बोल्ट साधारण शंभर ग्रॅमचा. सहा मीटर चढायला चौदा-पंधरा लागतात, म्हणजे दीड किलोत शिडी. आवाज नाही, आणि बोल्ट काढून नेले की मागून येणाऱ्याला आपल्या झाडावर चढता येत नाही.

इथं माझी विसरलेली पदवी जागी झाली. इंजिनिअरिंग मेकॅनिकलचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची, ही आमच्या पिढीची घरोघरची गोष्ट. तरी कॅन्टिलिव्हर कोण विसरतो! बोल्ट तीन इंच लाकडात, तीन इंच बाहेर. सामानासकट माणूस 90 किलोचा धरा. पाय खोडापासून 50 मिलिमीटरवर पडला, तर बोल्टच्या मुळाशी वाकण्याचा ताण येतो सुमारे 520 मेगापास्कल. पाय घसरून टोकाशी, 75 मिलिमीटरवर गेला तर सुमारे 780. साधा ग्रेड 2 चा बोल्ट 395 च्या आसपास कायमचा वाकतो, ग्रेड 5 चा 635 ला, ग्रेड 8 चा 895 ला. माणूस सावकाश चढला तरचे हे आकडे. दाणकन पाय दिला तर ताण सहज दीडपट, दुप्पट. म्हणजे डोक्यावर सहा रेघा उमटवलेला ग्रेड 8 चा बोल्ट आणि कोरं डोकं असलेला स्वस्त बोल्ट यांत एका माणसाच्या कंबरड्याचा फरक आहे. बोल्ट तुटण्याची भीती नसते, भीती असते ती वाकून पाय सटकण्याची. आणि हा सगळा हिशेब लाकूड घट्ट आहे असं धरून केलेला. भोकाच्या कडेचं लाकूड मऊ पडलं, की गणित तिथंच संपतं.

झाडात पायऱ्या रोवायची युक्ती अर्थातच अमेरिकनांची नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस 1854 ते 1856 या काळात बोर्निओतल्या सारावाकमध्ये होता. तिथले डायाक लोक मध आणि मेणासाठी प्रचंड उंच झाडांवर कसे चढतात, ते त्यानं 1869 च्या ‘द मलाय आर्किपेलॅगो’ या पुस्तकात बारकाईनं लिहून ठेवलं आहे. जाड बांबूच्या चपट्या, टोकदार खुंट्या करायच्या आणि लाकडी मोगरीनं खोडात ठोकायच्या. पण डायाक नुसत्या खुंटीवर भार टाकत नाहीत. खोडाला समांतर एक लांब बांबू उभा करतात आणि प्रत्येक खुंटीचं बाहेरचं टोक त्याला बांधतात. वर जाईल तसा बांबूला बांबू जोडायचा. हे बघितल्यावर वॉलेस या युक्तीवर खूश झाला. मीही झालो. बाहेरचं टोक बांधलं की ती खुंटी कॅन्टिलिव्हर राहतच नाही, भार अनेक खुंट्यांत वाटला जातो. ग्रेड 8 ची गरज डायाकांनी एका बांबूवर भागवली होती.

या जातीची सगळ्यांत थोर शिडी मात्र पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे. पेम्बर्टन गावाच्या आसपास कारी नावाच्या निलगिरीच्या जातीचं रान आहे. झाडं साठ-सत्तर मीटर सहज जातात. वणवा लांबून दिसावा म्हणून टेहळणीचे मनोरे हवेत, पण एवढ्या उंच झाडांच्या वर डोकं काढणारा मनोरा बांधणार कोण? म्हणून तिथल्या वनखात्यानं झाडांनाच मनोरे केलं. 1937 ते 1952 या काळात अशी आठ झाडं तयार झाली. त्यांतलं ग्लॉस्टर ट्री सर्वांत प्रसिद्ध. हे झाड योग्य आहे का हे बघायला वनाधिकारी जॅक वॉटसन पट्टा आणि काट्यांचे बूट घालून 58 मीटर चढून उतरला. त्याला सहा तास लागले. खोडाचा घेर सात मीटरच्या वर, आणि चाळिसाव्या मीटरपासून फांद्यांची गर्दी. मग जॉर्ज रेनॉल्ड्सनं खुंट्या ठोकत, फांद्या तोडत वाट केली. काम चालू असताना ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा गव्हर्नर जनरल, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर तिथं येऊन गेला, म्हणून ते नाव. 1947 मध्ये टोकावर लाकडी खोली बसली. पुढं विमानं टेहळणी करू लागली आणि शिडी पर्यटकांच्या वाट्याला आली. खोडाभोवती गोल वळत जाणाऱ्या दीडशेहून जास्त लोखंडी खुंट्या. फोटो बघूनच माझ्या तळपायांना घाम फुटला.

एका माणसाच्या हरणासाठी पाडलेली चौदा भोकं आणि अख्ख्या रानाला वणव्यापासून वाचवायला ठोकलेल्या दीडशे खुंट्या यांना एकाच तागडीत घालणं मला पटत नाही. पण झाडाला हेतू कळत नाही, त्याला जखम कळते. आणि जखमेचं झाड आतमध्ये काय करतं, हे रेनॉल्ड्स खुंट्या ठोकत होता तेव्हा शास्त्रज्ञांनाही नीट माहीत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या रॉबर्ट हार्टिगनं दाखवून दिलं होतं, की बुरशीमुळं लाकूड कुजतं. कुजल्यामुळं बुरशी उगवत नाही. पुढचा मोठा टप्पा अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगोचा. तोवर खोडांचा अभ्यास बहुतेक आडव्या चकत्या बघून व्हायचा. शायगोनं चेनसॉ हातात घेतली आणि हजारो झाडं उभी चिरली. जखमेच्या वर-खाली लाकडात काय होतं ते त्याला दिसलं. 1977 मध्ये हॅरल्ड मार्क्सबरोबर त्यानं ते खात्याच्या पुस्तिकेत मांडलं. सार असं: झाडाची जखम भरून येतच नाही. आपल्या कातडीसारख्या नव्या पेशी जुन्या जागी तिथं तयार होत नाहीत. झाड जखमी भाग वेगळा काढतं आणि त्याच्याभोवती भिंती घालून टाकतं. बंद पडलेला सर्व्हर दुरुस्त न करता नेटवर्कमधून तोडून टाकावा, तसं.

भिंती चार. वर-खाली पसरणं अडवणारी पहिली, आत जाणं अडवणारी दुसरी, बाजूंना पसरणं अडवणारी तिसरी. चौथी, सगळ्यांत भक्कम, जखम झाल्यानंतर वाढीचा थर नवी उभारतो. तिच्या बाहेरचं पुढचं लाकूड स्वच्छ राहतं. सगळ्यांत कच्ची पहिली. पाणी वर नेणाऱ्या नळ्या उभ्या असतात, त्या बुजवणं झाडाला जड जातं. म्हणून एका बोटाएवढ्या भोकाचा डाग बाजूंना जेमतेम भोकाएवढा, पण वर-खाली फूटभर किंवा त्याहून लांब पसरतो.

माझा सहकारी म्हणाला होता, मेपलचे शेतकरी तर दर वर्षी भोकं पाडतात, त्यांची झाडं शंभर वर्षं जगतात. हे खरं आहे. मेपलचं सरबत करायला वसंताच्या तोंडावर खोडात आठ ते अकरा मिलिमीटरचं भोक पाडतात, दोनेक इंच खोल. बोल्टचं भोक त्याच मापाचं. पण मेपलवाले एक पथ्य पाळतात: नवं भोक जुन्याच्या थेट वर किंवा खाली कधीच पाडायचं नाही, बाजूला सरकायचं, कारण डागाळलेल्या लाकडातून रस येत नाही. शिडीला हे पथ्य पाळताच येत नाही. पावलं एकावर एकच पडणार, दीड-दीड फुटावर, फार तर थोडी डावी-उजवी. जिथली भिंत सगळ्यांत कच्ची, नेमक्या त्याच रेषेत चौदा भोकं. डाग एकमेकांना भेटले तर नवल नाही. कारीच्या खुंट्या खोडाभोवती फिरत गेल्या त्या चढणाऱ्याच्या सोयीसाठी, पण झाडाच्याही पथ्यावर पडल्या असाव्यात.

आपल्या कोकणात आणि गोव्यात नारळाच्या खोडाला चढायला खाचा पाडतात, त्या मात्र वेगळ्या. नारळाला वाढीचा तो थरच नसतो. त्यामुळं खाच कधी झाकली जात नाही आणि माड असेतो तशीच दिसते. आंब्याला किंवा ओकला तुम्ही काय केलं ते झाड काही वर्षांत लपवतं. पुण्या-मुंबईत झाडांवर क्लासच्या जाहिराती खिळ्यांनी ठोकतात, ते खिळेही असेच आत गिळले जातात. हाती पक्कड घेऊन ते उपटत फिरणाऱ्या पोरांना म्हणून घाई असते.

अमेरिकेतला कायदा यात बऱ्यापैकी कडक आहे. केंद्र सरकारच्या वन्यजीव आश्रयस्थानांत खिळा, तार, स्क्रू किंवा बोल्ट वापरून झाडाला बैठक जोडायला बंदी आहेच. शिवाय शिकाऱ्याच्या आधारासाठी असं काही ठोकलेल्या झाडावरून शिकार करायलाही बंदी आहे, मग ते कुणीही ठोकलेलं असो. मिसुरीसारखी राज्यंही आपल्या जमिनींवर खिळे आणि स्क्रूच्या पायऱ्या चालू देत नाहीत. यावर पळवाट म्हणून काही शिकारी म्हणतात, की आम्ही ठोकत नाही, आधी पाडलेल्या भोकात नुसता सरकवतो. मला हा युक्तिवाद आवडला नाही. आमच्या कोडमध्येही अटी शब्दशः पाळून त्यांचा हेतू बुडवणारे लोक असतात, त्यांचं निस्तरताना शुक्रवारची रात्र जाते. खासगी रानात मालक परवानगी देऊ शकतो. माझा सहकारी काकाच्या रानात चढतो, तिथं प्रश्न काकाचा आणि झाडाचा.

या कायद्यांमागं झाडाच्या प्रेमाइतकीच सॉ मिलची भीती आहे. 1987 मध्ये कॅलिफोर्नियात क्लोव्हरडेल इथल्या मिलमध्ये करवतीचं पातं लाकडातल्या खिळ्यावर आदळून तुटलं आणि एका कामगाराच्या चेहऱ्याचा चेंदामेंदा झाला. तो खिळा शिडीचा नव्हता, मुद्दाम मारलेला होता. कुणी मारला ते कधी सिद्ध झालं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेनं सरकारी जंगलात असे खिळे मारणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला. ओकमध्ये लोखंड राहिलं तर ते लपतही नाही. ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर, लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा डाग. आपल्याकडं हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तीच रसायनं. असा ओंडका व्यापारी पाडून मागतो.

बोल्ट काढून नेला तर हा धोका टळतो, एवढं श्रेय त्या दीड किलोच्या शिडीला द्यायला हवं. ओंडके तपासायला मिलमध्ये धातुशोधक यंत्रं असतात. रिकाम्या भोकावर ती गप्प राहतात. तोवर भोकावर साल चढलेली असते, त्यावर पंधरा-वीस कडी जमलेली असतात, आणि काकाच्या रानातला तो ओक फळीत चिरला जातो. मग फळीवर दीड-दीड फुटावर, एकाखाली एक, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले तपकिरी डाग दिसतात, मोजले तर चौदा.