कळावे की न कळावे?

मेंदूविज्ञानाच्या पदवीच्या वर्गात हंटिंग्टनचा आजार हमखास येतो. माझ्या पुतणीची मुलगी अमेरिकेत हाच विषय शिकते. जनुक कोणतं, मेंदूच्या कोणत्या भागातल्या पेशी मरतात, हे सारं तिला तोंडपाठ आहे. पण या आजाराच्या नावाखाली माणसांनी माणसांचं काय केलं, त्यावर वर्गात एकच स्लाइड! मी जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा मला नेमकं तेच खटकलं आणि मी वाचत बसलो.

जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ साली या आजारावर निबंध छापला तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम २२. आजोबा आणि वडील दोघेही लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टनचे डॉक्टर. लहानपणी वडिलांबरोबर रोगी बघायला जाताना त्याला रस्त्यात दोन मायलेकी दिसल्या होत्या, अंगाला झटके आणि पिळे देत चाललेल्या. तीन पिढ्यांनी त्याच गावातली तीच घराणी पाहिलेली, म्हणून त्याला सूत्र सापडलं. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांना होऊ शकतो. पण ज्याला झाला नाही, त्याच्या वंशात तो पुन्हा येत नाही. मेंडेलचं वाटाण्यांवरचं काम १८६६ साली छापून झालं होतं, पण १९०० पर्यंत त्याची कुणी दखलच घेतली नव्हती. घराण्याची नाडी ओळखणारे जुने फॅमिली डॉक्टर आठवले मला.

आता पुढचा भाग. अमेरिकेतला चार्ल्स डेव्हनपोर्ट हा सुप्रजननवादी. त्याने या घराण्यांच्या वंशावळी जमवल्या आणि १९१६ साली त्यावर लेख लिहिला. वंशावळी कामाच्या होत्या, निष्कर्ष मात्र भयंकर. अशा लोकांना देशात येऊ देऊ नये, त्यांना मुलं होऊ देऊ नयेत! जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्यात जी नऊ कारणं दिली होती, त्यांत हंटिंग्टनचं नाव होतं. त्या कायद्याखाली सगळे मिळून सुमारे ४ लाख लोक खच्ची केले गेले. हा शब्द कठोर आहे खरा, पण दुसरा कोणता वापरू?

म्हणून मला नॅन्सी वेक्सलरची गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६८ साली तिच्या आईला हा आजार असल्याचं निदान झालं. म्हणजे नॅन्सी आणि थोरली बहीण ॲलिस, दोघींनाही तो होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. (ॲलिस पुढे इतिहासकार झाली, याचा मला अर्थातच आनंद!) व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या काठच्या गावांत हा आजार फार. तिथल्या डॉ. नेग्रेते यांनी १९५० च्या दशकातच ते लिहून ठेवलं होतं. नॅन्सी १९७९ पासून तिथे जाऊ लागली. १८ हजारांहून जास्त माणसांची वंशावळ तयार झाली, हजारोंनी आपलं रक्त दिलं. डेव्हनपोर्टनेही वंशावळीच जमवल्या होत्या. पण नॅन्सी त्यांना सांगे की माझ्याही आईला हाच आजार होता.

त्या रक्तावरून १९८३ साली कळलं की दोष चौथ्या गुणसूत्रावर आहे. नेमकं जनुक सापडायला आणखी दहा वर्षं लागली. त्यात 'सीएजी' ही तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा येतात ते मोजायचं. ३५ पर्यंत आजार होत नाही. ४० किंवा जास्त असतील तर पुरेसं आयुष्य लाभल्यास तो होतोच.

आता साध्या रक्ततपासणीत हे विशीतल्या मुलालाही कळतं. आजार बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि तो मुळापासून थांबवणारं औषध डॉक्टरांच्या हाती नाही. तपासणी निघण्याआधी बरेच जण म्हणत की आम्ही करून घेऊ. निघाल्यावर मात्र बहुसंख्यांनी करून घेतली नाही. कित्येक विद्यार्थ्यांना हे भित्रेपणाचं वाटतं म्हणे. मला नाही वाटत. शिवाय नोकरी आणि विमा? अमेरिकेत २००८ साली कायदा झाला, तो नोकरी आणि आरोग्यविम्याला लागू आहे, आयुर्विम्याला नाही.

जनुक शोधायला जिने एवढं केलं, त्या नॅन्सीने स्वतःची तपासणी केली का, हे तिने वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नाही. २०२० साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, तिने जाहीर केलं की आपल्यालाही आजार आहे. तोवर तिच्या चालण्या-बोलण्यातून तो लोकांना दिसू लागला होता.