फोलेलाच्या वह्या

संशोधन विद्यापीठांत उपजतें आणि तेथून दवाखान्याकडे उतरतें, अशी सुशिक्षितांची एक दृढ समजूत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतांत, ड्रेकन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या फोलेला या झुलू वस्तीचा इतिहास पाहतां ही समजूत टिकण्याजोगी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

सिडनी व एमिली कार्क हें तरुण डॉक्टर-दांपत्य १९४० सालीं तेथें सरकारी आरोग्यकेंद्र काढण्यासाठीं आलें. सोबतीस एडवर्ड व अमेलिया जाली हे झुलू पतिपत्नी होते. औषधाची बाटली देऊन रोग्याची बोळवण करणें या मंडळींना पुरेसें वाटेना. त्यांनीं स्थानिक तरुणांना शिकवून आरोग्य-साहाय्यक नेमले, वस्तीचे नकाशे काढले आणि घरोघर हिंडून जन्म, मृत्यु, आजार, खाणेंपिणें यांच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेवल्या.

या नोंदींतून काय निघालें याचें एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. लोकांचा मुख्य आहार मका, कुपोषण फार, आणि सासरच्या गुरांचें दूध सुनेस वर्ज्य, अशी रूढि. केंद्रानें रूढीवर व्याख्यानें न झोडतां दुधाची भुकटी आणली. भुकटी कोणाच्याच गोठ्यांतली नव्हे, तेव्हां हरकत कोण घेणार! जॉन कॅसल यांनीं १९५५ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. उपदंशाची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याचें खापर झुलूंच्या नीतीवर फोडणें गोऱ्यांना सोयीचें होतें. पुरुषांना खाणींत व शहरांत मजुरीस ओढून कुटुंबें मोडणारी व्यवस्था हेंच त्याचें मूळ, असें कार्क यांनीं १९४९ सालच्या निबंधांत दाखविलें.

विद्यापीठ आलें तें या साऱ्यानंतर. आफ्रिकन, हिंदी व मिश्रवंशी विद्यार्थ्यांसाठीं नाताळ विद्यापीठाचें वैद्यकीय महाविद्यालय डरबन येथें १९५१ सालीं निघालें. पुढें रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें कार्क यांचें कार्य त्यास जोडलें गेलें आणि भावी डॉक्टर आरोग्यकेंद्रांत धडे गिरवूं लागले. १९५७ सालीं जॅक गायगर हा अमेरिकन विद्यार्थी तेथें येऊन शिकून गेला. त्यानेंच पुढें सहकाऱ्यांसह, टफ्ट्स विद्यापीठाच्या आधारें, मिसिसिपींतील माउंड बायू येथें याच धर्तीचें केंद्र उभारलें.

परंतु १९४८ सालीं अधिकारावर आलेल्या वर्णद्वेष्ट्या राजवटीस हा उद्योग रुचणारा नव्हता. कॅसल अमेरिकेंत चॅपेल हिल येथें गेले. १९५८ सालीं कार्कही तेथें आणि पुढच्या वर्षीं जेरुसलेमला गेले. पाठोपाठ डरबनची संस्था बंद झाली. पंडितांस दुसरीं विद्यापीठें मिळालीं, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्यांनीं उंबरे झिजवून त्या वह्या भरल्या, त्या साहाय्यकांना दुसरें फोलेला कोठून मिळणार होतें?