धाराशिवची लेणी

धाराशिव शहराबाहेरच्या डोंगरात ही लेणी कोरलेली आहेत. मी तिथं जातो तो कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’मुळे. हे अपभ्रंश काव्य अकराव्या शतकाच्या सुमाराचं. त्यात करकंड राजा पार्श्वनाथांच्या मूर्तीच्या आसनावरची गाठ फोडायला लावतो आणि पाण्याच्या लोंढ्यानं लेणं भरून जातं. आमच्या दुष्काळी मुलखाची गोष्ट, आणि तीत पाणीच पाणी! लेणी मुळात बौद्ध की जैन, हा अभ्यासकांचा वाद जुनाच. तेरचं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळसुद्धा चैत्यगृहाच्या घडणीचं. इथं वास्तू राहते, नांदणारे बदलतात. नावांचंही तेच. निजामाच्या नावानं झालेलं उस्मानाबाद २०२३ मध्ये कागदोपत्री पुन्हा धाराशिव झालं. माझे वडील पत्रावर उस्मानाबाद लिहीत, बाजाराला निघताना मात्र म्हणत, “धाराशिवला जाऊन येतो.”