तांबेरा आणि सिंहपुच्छ वानर

सह्याद्रीच्या दक्षिण भागांत राहणाऱ्या दोन जीवांचा हा इतिहास आहे. एक सिंहपुच्छ वानर. दुसरी हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स, म्हणजे कॉफीच्या पानांवर तांबेरा पाडणारी बुरशी. वानराचें अंग काळें, चेहऱ्याभोंवतीं करड्या केसांची आयाळ आणि शेपटीच्या टोकास सिंहासारखा झुपका. लिनियसच्या ग्रंथांत त्याची नोंद १७५८ सालींच झाली. बुरशीला नांव मिळावयास मात्र १८६९ साल उजाडावें लागलें.

त्या सुमारास सिलोनांतील मळ्यांत कॉफीच्या पानांखालीं नारिंगी भुकटी दिसूं लागली. १८८० सालीं मार्शल वॉर्ड हा तरुण शास्त्रज्ञ तपासासाठीं तेथें गेला. वाऱ्यावर उडालेले बीजकण ओल्या पानावर रुजतात, पर्णरंध्रांतून आंत शिरतात, पान गळतें आणि झाड हळूहळू क्षीण होतें, हें त्यानें दाखविलें. अरण्य तोडून कोसच्या कोस एकच पीक लावलें, कीं असल्या बुरशीला अन्नाचें आगरच मिळतें! शतक संपण्यापूर्वीं कॉफीची जागा चहानें घेतली. इंग्रज चहा पिऊं लागला तो या रोगामुळें, ही कथा मात्र खरी नव्हे; त्याला ती संवय पूर्वींच जडली होती.

दक्षिण हिंदुस्थानांतही हा रोग लवकरच पसरला. येथील वानराचें दुर्दैव बुरशीनें ओढवलें नाहीं. तें ओढवलें कुऱ्हाडीनें. सदाहरित वृक्षांच्या शेंड्याशेंड्यांवरून हिंडणारा, नानाविध फळें व किडे खाणारा हा प्राणी. कॉफी, चहा आणि वेलदोडा यांसाठीं रान तुटलें तसतशीं त्याच्या राज्याचीं बेटें झालीं. ज्या सफाईनें बुरशीला मेजवानी मिळाली, तिनेंच वानराचें ताट ओढून घेतलें.

सायलेंट व्हॅलींतील नियोजित धरणाविरुद्ध जें आंदोलन झालें, त्यांत हें वानर लोकांच्या मुखीं आलें. १९८४ सालीं तें खोरें राष्ट्रीय उद्यान ठरलें. तरीही आज रानांत उरलेलीं वानरें चार हजारांहून कमीच असावींत असा अंदाज आहे. उलट बुरशी १९७० सालीं ब्राझीलांत पोंचली, आणि कॉफी पिकविणारे बहुतेक देश तिनें पादाक्रांत केले.

अनामलै डोंगरांतील वालपाराईजवळ एका कॉफीमळ्याला लागून उरलेल्या रानाच्या तुकड्यांत या वानरांचे कळप आहेत. झाडांची साखळी तुटल्यामुळें त्यांना जमिनीवर उतरावें लागतें आणि मोटारींच्या रस्त्यावरून जावें लागतें. त्यांच्यासाठीं तेथें रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना दोरखंडी पूल बांधले आहेत, आणि वानरें त्यांवरून ये-जा करतात.